पाळी गेली त्या वर्षी

सातवीच्या मुलींचा एक तास मी दरवर्षी वेगळा घेते. मुलांना मैदानावर पिटाळायचं, वर्गाचं दार लोटून घ्यायचं आणि पाळी म्हणजे काय ते मुलींना नीट समजावून सांगायचं. कुंडलजवळच्या एका गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. फळ्यावर गर्भाशयाची आकृती काढते, अंडाशय दाखवते, तिथून कोणती हार्मोन्स रक्तात येतात आणि अंगात काय काय बदल घडवतात ते सांगते. मुली आधी एकमेकींना कोपरानं ढोसतात, मग गप्प होतात. शेवटी एखादी धीट पोरगी विचारते, "बाई, ही किती वर्षं येती?" मी सांगते, पन्नाशीच्या आसपास येईपर्यंत. "आनि मग?" मग थांबते. एवढं सांगितलं की घंटा व्हायची आणि मी खडू ठेवून हात झटकायची.

माझी थांबली तेव्हा मी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. गौरी आल्या की पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या खा, जत्रा आली की गोळ्या खा, घरात सत्यनारायण म्हटला की पुन्हा औषधाच्या दुकानात जा, ही सगळी कटकट एकदाची मिटली. शाळेतल्या दुसऱ्या बाईंनी विचारलं, "काही त्रास?" मी म्हटलं, "त्रास कसला, सुटले." अधूनमधून मानेपासून वर वाफ यायची, भर थंडीत घाम फुटायचा, झोप मोडायची. ते सगळ्याच बायकांना होतं हे ऐकून माहीत होतं. म्हणून त्याचं मी काही मनावर घेतलं नाही.

आमचे हे फौजेत. आता सुभेदार म्हणून निवृत्त झालेत, पण आमच्याकडं फौजेतून आलेल्या प्रत्येकाला गाव मेजरच म्हणतं, मग तो शिपाई असो की कुणी. माझं माहेर मेढ्याकडचं, डोंगरातलं. लग्नाआधीच डी.एड. झालं होतं आणि लग्नानंतर लगेच नोकरी लागली. सरकारी नोकरी सोडून कोण बिऱ्हाड घेऊन आसामात जातं? मी इथंच राहिले, मुलगा इथंच वाढवला, आणि आमचा सगळा संसार सुट्टीत झाला. हे येणार म्हटलं की मी घर सारवल्यासारखं स्वतःलाही आवरायची. पहिले दोन दिवस दोघंही पाहुण्यासारखे वागायचो, एकमेकांना चहा हवा का विचारायचो. मग कुठं जुळायचं, आणि जुळलं की हे परत जायचे.

लाजायचं कारण नाही, म्हणून सरळच लिहिते. मला ह्यांची ओढ होती. नुसती मनाची नाही, अंगाची. हे जाऊन आठ दिवस झाले तरी उशीला ह्यांच्या तेलाचा वास यायचा आणि मी ती उशी धुवायला टाकायची नाही. बाईनं असलं बोलू नये असं आमच्याकडं मानतात. बोलू नये म्हणतात, पण असं नसतंच असं काही कुणी म्हणत नाही.

निवृत्तीच्या आधी दोन वर्षं ह्यांनी गच्चीवर एक खोली बांधून घेतली. फोनवर सारखं तेच. खिडकी उसाकडं काढ, फरशी घसरणारी नको, न्हाणी खोलीतच हवी. "रिटायर झालो की वरची खोली आपली. खाली पोरं काय बी गोंधळ घालू देत." गवंड्याला मी एकेक वीट बघून लावायला लावली. मेजरांच्या खोलीचं काम म्हणून तोही नेटानं करायचा.

ह्यांच्या शेवटच्या सुट्टीत मला पहिल्यांदा दुखलं. मला वाटलं, बरेच महिने गेले मध्ये, असेल तसं. त्या सुट्टीत प्रत्येक वेळी दुखलं. कातडी सोलवटावी तसं. मी दात आवळून गप्प राहिले, कारण चार आठवड्यांसाठी आलेल्या माणसाला काय सांगायचं?

पुढच्या मार्गशीर्षात हे कायमचे घरी आले. गावानं वेशीपासून वाजत-गाजत आणलं, हार घातले, बायकांनी ओवाळलं. आणि मी, जिनं ह्या दिवसाची सगळ्यात जास्त वाट बघितली होती, ती मनातून धास्तावलेली होते. आता सुट्टी संपणार नव्हती.

मग मी उपास धरायला लागले. सोमवार होताच, त्यात गुरुवार आला, चतुर्थी आली, एकादशी आली. उपासाच्या दिवशी तसलं काही नको, हे ह्यांनाही मान्य. पण देवांचे वार मोजून संपतात, आठवड्यात दुसरेही दिवस असतात. एकदा हे हसून म्हणाले, "आगं, संत व्हायचा इचार हाय का तुजा?" मीही हसले. हसता हसता पाठ फिरवून झोपले.

शेजारी आमच्या थोरल्या जाऊबाई राहतात. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या. दीर जाऊन आता तीन वर्षं होतील. मी त्यांना आक्का म्हणते. आक्कांजवळ मी दुखतंय एवढंच बोलले, कधी दुखतं ते नाही. त्यांनी लगेच ओळखलं. "उष्णता झालीया तुला. रोज सब्जा घे भिजवून. आनि तुरटीच्या पान्यानं धू, समदं कसं बेस ऱ्हातं." मी शिकलेली बाई. तरी दोन महिने सकाळ-संध्याकाळ तुरटीच्या पाण्यानं धूत होते आणि वर सब्ज्याचे पेले रिचवत होते. उष्णता काही हटेना. उलट आता लघवीलाही जळजळायला लागलं.

पण दुखण्यापेक्षा वाईट दुसरंच होतं. आत काही उठतच नव्हतं. हे समोर बसून दाढी करताहेत, बनियनवर आहेत, हाच तो माणूस, आणि मला काही म्हणजे काही वाटत नव्हतं. मी स्वतःला चाचपून बघायची. वर्गात पोरं पाढे म्हणत असायची आणि माझ्या डोक्यात एकच विचार, की ज्या माणसाची अर्धं आयुष्य वाट बघितली, तो आला आणि माझी मायाच आटली. असं होतं का कुणाचं? कुणाला विचारायचं?

तेवढ्यात मुलाचं लग्न ठरलं. मुलगी फलटणची, शिकलेली, मोकळ्या स्वभावाची. मुलगा जवळच्याच एमआयडीसीत कामाला. आता आमच्याकडची रीत अशी, की घरात सून आली की सासू-सासऱ्यांनी एका खोलीत निजायचं नाही. कुणी तसं लिहून ठेवलेलं नाही, पण सासऱ्याचं अंथरूण सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, आणि सासूचं स्वयंपाकघरात पडतं. सुनेनं उठून बघावं तर सासू-सासरे एका दारातून बाहेर येतात, ही कल्पनाच लोकांना सहन होत नाही. चाळिशीतल्या बायकासुद्धा सून आली की एका रात्रीत म्हाताऱ्या होतात.

मला कुणी काही म्हणायच्या आतच मी बैठकीत जाहीर केलं, "वरची खोली पोरांना." सगळ्या पै-पाहुण्यांनी वाहवा केली. सासू असावी तर अशी, म्हणाले. लग्नाच्या आदल्या दिवशी ह्यांनी आपले कपडे, रेडिओ, दाढीचं सामान गुपचूप खाली आणलं आणि सोप्यातल्या कोनाड्यात नीट लावून ठेवलं. मी स्वयंपाकघरात पाय पसरून झोपले आणि मला इतकं हायसं वाटलं, इतकं हायसं वाटलं, की काय सांगू.

हायसं वाटणं पावसाळ्यापर्यंत टिकलं. आषाढात ह्यांना पुण्याहून एका जुन्या सोबत्याचा फोन आला. तिथं एका मोठ्या इमारतीत सुरक्षा बघायला फौजेतलाच माणूस हवा होता. राहायची सोय होती. फोन ठेवून हे मला म्हणाले, "दसरा झाला की जातो म्हनतो. इथं बसून तरी काय करायचं?" आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, भांडण मला येतं. हे अगदी सुट्टी संपल्यावर बोलायचे तसं बोलले.

मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच तांदूळ निवडत बसले. हे गेले तर परत सुट्टीतच येतील. आणि ह्या वेळी जायला कुणी भाग पाडलेलं नव्हतं. माझ्यापासून लांब जायला म्हणून जाणार होते.

श्रावणात जळजळ फारच वाढली. गावातल्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी चार दिवस बरं वाटायचं आणि पुन्हा तेच. शेवटी शाळेला रजा टाकली आणि एकटीच एसटीनं सांगलीला गेले. डॉक्टर बाई होत्या, माझ्याच वयाच्या. पाळी कधी गेली विचारलं, मी सांगितलं दोन वर्षं होत आली. मग म्हणाल्या, "नवरा-बायकोचा संबंध येतो का?"

मी म्हटलं, "मी लघवीच्या त्रासासाठी आले आहे."

"तेच विचारतेय. दुखतं का?"

मी छताकडं बघितलं. मग सांगितलं. कधीपासून, कसं, उपास, सब्जा, सगळं. तुरटीचं ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. "अहो, दाढी करताना कापलं तर तुरटी लावतात, कातडी आवळायला. तिथं आधीच आवळून आलेलं, ते तुम्ही रोज दोनदा आणखी आवळत होता." मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांतून पाणीही आलं.

तपासून झाल्यावर त्यांनी मला समोर बसवून सांगितलं. अंडाशयातून इस्ट्रोजेन येत असतं तोवर तिथली कातडी जाड आणि लवचीक राहते, ओलही राहते. पाळी जाते तेव्हा ते फार कमी होतं. मग कातडी पातळ होते, कोरडी पडते, ताण सोसत नाही. लघवीची वाट शेजारचीच. तिलाही त्याच इस्ट्रोजेनची सवय, म्हणून ही जळजळ. "ह्याला उष्णता म्हणा नाहीतर काही म्हणा, सब्ज्यानं इस्ट्रोजेन परत येणार नाही," त्या म्हणाल्या.

मी खरा प्रश्न अजून विचारलाच नव्हता. दाराला हात लावला, परत फिरले आणि म्हटलं, "आणि मनातूनच काही वाटेनासं झालं तर? मला वाटतं माझं मनच मेलंय."

"मन तपासायचं यंत्र माझ्याकडे नाही," त्या म्हणाल्या. "पण मघापासून रडताय, त्या अर्थी जिवंत दिसतंय." मग मला परत बसवून घेतलं. बायकांच्या अंगातही थोडं टेस्टोस्टेरॉन असतं, लोक त्याला पुरुषांचंच समजतात, तेही वयाबरोबर हळूहळू उतरतं, आणि इच्छेशी त्याचा संबंध आहे, असं म्हणाल्या. पण सगळं त्याच्या माथी मारू नका. झोप नाही, अंगातून वाफा निघतात, आणि प्रत्येक वेळी दुखतं. दुखणार हे ठाऊक असताना कुणाला इच्छा होईल? आधी दुखणं थांबवू, मग इच्छेचं बघू.

इस्ट्रोजेनचं मलम दिलं, आतून लावायचं. सुरुवातीला रोज, मग आठवड्यातून दोनदा. त्याआधी छातीत कधी गाठ होती का, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त गेलं का, पायात रक्ताच्या गाठी झाल्या होत्या का, हे सगळं खोदून विचारलं आणि सोनोग्राफीही करून घेतली. गुण यायला काही आठवडे लागतील, चार दिवसांत सोडून देऊ नका, असं बजावलं. तुरटी, साबण सगळं बंद.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसले आणि मला जो राग आला तो काय सांगावा. डॉक्टरांचा नाही, आक्कांचाही नाही. डी.एड.च्या पुस्तकांचा आला, शाळेत पत्रकं वाटायला येणाऱ्यांचा आला, माझाही आला. माझ्या आईनं मला पाळी आली तेव्हा बाजूला घेऊन चार गोष्टी सांगितल्या होत्या. गेल्यावर काय होतं ते ती बोलली नाही. तिलाही कुणी सांगितलं नसणार. इतक्या बायकांनी एवढ्या वर्षांत इतकं दुखणं गिळलं आणि एकीनंही शेजारणीला सांगितलं नाही, म्हणजे कमाल आहे. भिलवडीपर्यंत मी मनात सगळ्यांशी भांडत होते.

मलमाचा गुण खरंच हळू आला. गणपती येऊन गेले, गौरी जेवल्या, तेव्हा एके सकाळी लक्षात आलं की कितीतरी दिवसांत जळजळ झालेली नाही. चालताना जे काचायचं तेही थांबलं होतं. झोपही बरी लागत होती. आणि एकदा हे विहिरीवरून अंघोळ करून ओल्या अंगानं आले, तेव्हा मी बघत राहिले. हातातलं पीठ तसंच राहिलं. मला स्वतःचीच गंमत वाटली.

पण दसरा तोंडावर आला होता आणि हे पुण्याला 'येतो' म्हणून कळवूनही बसले होते.

एका सुट्टीच्या सकाळी न्याहारी घेऊन मी रानात गेले. पावसानं उघडीप दिली होती, त्या आठवड्यात पंपाला दिवसा लाईट होती, हे उसाला पाणी पाजत होते. मी बांधावर बसले. इथं ऐकायला कुणी नव्हतं, घरात सतत कुणी ना कुणी.

"आवं, मला काय तरी सांगायचंय. मदीच बोलू नका."

"सांग की."

"पाळी गेल्यापास्नं मला आत लय दुखायचं. तुमी जवळ आलात की."

ह्यांच्या हातातलं खोरं थांबलं. मी भराभर सांगत सुटले. इस्ट्रोजेन, कातडी, तुरटी, सांगलीच्या डॉक्टरीण बाई, मलम. वर्गात सांगते तसंच सांगितलं, फक्त फळा नव्हता. हे ऐकत होते की नाही कळेना. चेहरा उतरत चालला होता.

"म्हंजे मी तुला दुखवत हुतो?"

"तुमी न्हाई. ते हार्मोन—"

"मागल्या सुट्टीतबी?"

"व्हय."

हे तसेच सरीच्या चिखलात खाली बसले. मला वाटलं होतं सुटका झाल्यासारखं वाटेल ह्यांना, कोडं सुटलं म्हणून. ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आई गेली तेव्हा आलं होतं, त्यानंतर मी आजच बघत होते. "मला कळलं असतं तर म्या हातसुदिक लावला नसता," हे म्हणाले.

"म्हनूनच न्हाई सांगितलं," मी म्हटलं.

सरी भरून पाणी शेजारच्याच्या रानात चाललं होतं, तिकडं दोघांचंही लक्ष नव्हतं. मग हे म्हणाले, "मला वाटलं, तुला माजी सवयच न्हाई. सुट्टीतलं मानूस बरं असतं, रोजचं कुनाला पायजे? म्हनून म्हनलं, आपुन लांबच बरं."

मी जवळ जाऊन ह्यांच्या शेजारी चिखलातच बसले. साडीचं काय व्हायचं ते होऊ दे म्हटलं. "मला तुमी रोज पायजे हाय," मी म्हटलं. पन्नाशीला आलेल्या बाईनं भर दिवसा रानात बसून हे म्हणावं, आणि ते मला लग्नानंतर इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हणता यावं. मीही रडले.

एवढं झालं आणि मग गाडी अडली ती खोलीवर. मी म्हटलं, वरची खोली मागून घेऊ. हे एकदम उठून उभे राहिले. "येडी का काय? सुनंला खाली काढायचं? पोराला काय सांगायचं? गावात तोंड दावायला जागा ऱ्हायची न्हाई." मी म्हटलं, मग पुण्याला जायचं ते फिरवा. हे खोरं उचलून पाण्याकडं वळले. बर्फात उभं राहून पहारा दिलेला माणूस, पण पोरापुढं उभं राहून 'आम्हाला खोली हवी' म्हणायची ह्याची हिंमत होत नव्हती. त्यापेक्षा पुणं सोपं. मला कीव आली आणि रागही आला. म्हटलं, तुमच्यानं होणार नाही, हे मलाच करायला हवं.

घट बसायच्या आधी आमच्याकडं घरातलं झाडून सगळं धुतात. वाकळा, गोधड्या, चादरी, पडदे. देवीसमोर घरात एकही पारोसं अंथरूण नको. आदल्या दिवशी सून आणि मी सकाळपासून विहिरीवर होतो. संध्याकाळी वाळलेल्या वाकळांची चळत सोप्यात लागली. मुलगा कामावरून येऊन चहा पीत होता, हे पायरीवर बसले होते. सुनेनं एकेक वाकळ हातात घेत विचारलं, "आई, ही बाबांची सोप्यात ठेवू ना? आणि तुमची स्वयंपाकघरात?"

"दोनी वर ठेव," मी म्हटलं.

"वर?"

"वरच्या खोलीत. माजी आनि ह्यांची. तुमी दोगं खालच्या आतल्या खोलीत या. दार हाय, खिडकी हाय, रंगबी नवा हाय."

पायरीवरचे मेजर उठले आणि गाईला पेंड घालायला म्हणून जे गेले ते गेलेच. गाईनं तासाभरापूर्वी खाल्लेलं होतं. मुलाला चहाचा ठसका लागला. "आई, काय हे?"

"काय हे म्हंजे? ती खोली तुज्या बानं त्याच्या आनि माज्यासाठी बांधलीया. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, त्यातलं किती दिवस आमी एका छपराखाली काढलं, इचार त्येला. आता घरी आलाय तर सोप्यात राखण करत झोपावं व्हय त्यानं? तू काय आभाळातनं पडलास?"

मुलगा कानापर्यंत लाल झाला. मी सुनेकडं बघितलं. खरी धास्ती तिचीच होती, परक्या घरची पोर, काय वाटेल तिला. तिनं दोन्ही वाकळा एकावर एक घातल्या, काखेत मारल्या आणि म्हणाली, "आई, खालच्या खोलीतली ज्वारीची पोती कुठं हलवायची?" एवढंच म्हणाली आणि वर निघाली. जिना चढताना मागं वळून माझ्याकडं बघून हसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आक्का आल्या. भिंतीला भिंत, त्यांना कळायला कितीसा वेळ. उंबऱ्यातूनच सुरू झाल्या, "काय ऐकत्ये म्या? सून घरात, आनि तुमी दोगं माडीवर? ह्या वयात सोभतं व्हय गं?"

मी त्यांना आत घेतलं, चहा टाकला आणि सगळं सांगितलं. तुरटीचंही. वाटलं होतं, त्या तोंडाला पदर लावून 'शिव शिव' करतील. त्या ऐकत राहिल्या. मध्येच म्हणाल्या, "मलमानं थांबतं?" मी म्हटलं, माझं थांबलं. चहा निवून गेला तरी त्यांनी कप उचलला नाही.

"मलाबी तसंच व्हायचं," त्या म्हणाल्या. "म्याबी तुरटीच लावत हुते. मंग म्या त्यांच्याशी धड बोलायचंच सोडलं, म्हनलं जवळ याया नगंत. ते रानात खोप घालून निजाया लागले, ते जाईपातुर. लोकांस्नी वाटलं ऊस राखतोय. मला वाटलं, सुटले बाई." मग गार झालेला कप बाजूला सारून म्हणाल्या, "सुटले न्हवते गं मी."

मी त्यांचा हात हातात घेऊन बसले. त्यांनी तो काढून घेतला नाही.

खोली मिळाली आणि नवरात्र बसलं, अशी आमची तऱ्हा. त्या दिवसांत तर खरंच काही नसतं, सगळं घर देवीचं. त्यामुळं वर आम्ही नुसते बोललो. आसामातलं, काश्मिरातलं, ज्या गोष्टी फोनवर सांगायच्या राहून गेल्या होत्या त्या. मी मुलाच्या लहानपणचं सांगायची. बोलता बोलता ह्यांचा हात माझ्या पाठीवर यायचा आणि मी अंग आवळून घ्यायची नाही. माझं अंग पंचविशीतलं झालं असं कुणी समजू नये. मलम अजून लागतं, कधी दुखलं तर मी 'थांबा' म्हणते आणि हे थांबतात. ओढ पूर्वी आपोआप यायची, आता हळू येते, कधी येत नाही. पण येते तेव्हा ती माझी मला ओळखू येते.

दसऱ्याच्या दिवशी सोनं वाटून झालं आणि पुण्याहून त्या सोबत्याचा फोन आला. ह्यांनी तो नेहमीप्रमाणे मोठ्यानं लावला, कानाला धरायची सवयच नाही. तिकडून हिंदीतून विचारणा, कब पहुँच रहे हो, कमरा तयार है. मी भाकरी थापत होते. हात थांबला.

"नहीं आ सकता यार," हे म्हणाले. "छुट्टी पे हूँ."

"रिटायर आदमी की कैसी छुट्टी? वापसी कब है?"

आमच्या लग्नापासून प्रत्येक सुट्टीला परतीची तारीख असायची. ती कागदावर आधीच लिहिलेली असायची, आणि हे दारात पाऊल टाकायचे तेव्हापासून मी ती मनात धरून बसायची.

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. "इस बार वापसी की तारीख लिखी नहीं है," हे म्हणाले, आणि फोन बंद करून भाकरी भाजली का विचारायला लागले.